गुंठाभर भाजीतलं तण: फवारायचं की खुरपायचं?

पहिल्याच वर्षी मी टोमॅटोवर निंबोळी अर्क मारला आणि टोमॅटो तणनाशकाने गेले.

हे वाक्य चुकून उलटसुलट झालेलं नाही. फवारायला पंप नव्हता म्हणून शेजारच्या आप्पांचा पाठीवरचा पंप मागून आणला. आदल्या आठवड्यात त्यांनी त्याच पंपाने उसातल्या तणावर टू-फोर-डी मारलं होतं. मी पंप दोन पाण्यांनी खंगाळला, वास घेऊन पाहिला, अर्क भरला आणि समाधानाने फवारला. चौथ्या दिवशी शेंडे वळायला लागले. नवी पानं अरुंद आणि लांबट, शिरा जवळजवळ समांतर, खोड पिळलेल्या दोरीसारखं. पंचवीस झाडं उपटून टाकावी लागली. चूक माझीच. पंपात आधी काय होतं हे आप्पांना विचारायचं साधं सुचलं नाही.

घरामागच्या गुंठाभर जागेत भाजी करायला लागून आता सहा वर्षं झाली. नव्याने परसबाग करणारे मला सगळ्यात जास्त विचारतात ते तणाबद्दल. रोपं लावली, पाऊस पडला, आठ दिवस गावाला जाऊन आलो तर भाजी दिसतच नाही. मग कृषी सेवा केंद्रात गेलो तर एक बाटली दाखवतात, मारू का? माझं उत्तर ‘नको’ असं आहे. पण ते तत्त्वापेक्षा हिशोबावर जास्त उभं आहे, म्हणून आधी हिशोब सांगतो आणि मग काम कसं करायचं ते.

बाटलीचा हिशोब

एक गुंठा म्हणजे ३३ बाय ३३ फूट, १०८९ चौरस फूट. असे चाळीस गुंठे म्हणजे एकर. लेबलवर एकरी एक लिटर लिहिलेलं असेल तर गुंठ्याला २५ मिली लागतं. घरातल्या झाकणाने मोजताना दहा मिली इकडेतिकडे होणं ही किती साधी गोष्ट! पण इथे तेवढ्यात ४० टक्के जादा डोस झाला. शेतात पंपामागे पंप मारणाऱ्याची चूक एकरभर पसरून पातळ होते, आपली सगळी दोन वाफ्यांत जिरते.

दुसरी अडचण मोठी आहे. शेतात एका वेळी एक पीक असतं, परसबागेत दहा. मेथी आणि घेवडा शेंगवर्गातले, कोथिंबीर आणि गाजर एका कुळातले, टोमॅटो-वांगी-मिरची एका, काकडी-दोडका एका, भेंडी वेगळीच. निवडक तणनाशकं एखाद्या पिकाला सोडून बाकीच्यांना मारतात, आणि त्या ‘बाकीच्यां’मध्ये आपली शेजारच्या वाफ्यातली भाजीच असते. पालेभाजीचा माठ आणि तण म्हणून उगवणारा तांदुळजा हे तर सख्खे भाऊबंद. त्यांच्यात भेद करणारं औषध कुठून आणणार? रुंद पानांच्या पिकात फक्त गवत मारणारी औषधं आहेत. सोयाबीन, भुईमुगात शेतकरी क्विझालोफॉप वापरतात. हराळीवर ते चालतं. पण लव्हाळा गवत नव्हेच. त्याची दांडी दोन बोटांत फिरवून बघा, तीन धारा लागतात. तो वेगळ्या कुळातला आहे आणि गवताच्या औषधाने त्याला काही होत नाही. लोक औषध बदलून बदलून मारत राहतात त्यामागे बऱ्याचदा एवढीच गफलत असते.

राहिलं ग्लायफोसेट, म्हणजे हिरवं दिसेल ते मारणारं आंतरप्रवाही औषध. १९७४ पासून ते बाजारात आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने मार्च २०१५ मध्ये त्याला माणसात बहुधा कर्करोगकारक असलेल्यांच्या गटात टाकलं. अमेरिकेची पर्यावरण संरक्षण संस्था तसं मानत नाही. हा वाद आपण परसात बसून सोडवू शकत नाही, आणि सोडवायची गरजही नाही. आपल्याकडे त्याची शिफारस चहाचे मळे आणि बिगरपिकाची जागा एवढ्यापुरती होती. भाजीपाला त्यात नव्हताच. ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने आदेश काढून पेस्ट कंट्रोल ऑपरेटर, म्हणजे कीडनियंत्रणाचं काम करणारे व्यावसायिक, यांच्याखेरीज कुणी ते वापरू नये असं बंधन घातलं. म्हणजे मेथीच्या कडेने घरच्या पंपाने ग्लायफोसेट मारणं कुठल्याच बाजूने बसत नाही.

पॅराक्वाट या दुसऱ्या तणनाशकाबद्दल एकच. पोटात गेलं तर त्यावर उतारा नाही. युरोपीय संघात ते २००७ पासून बंद आहे. लहान मुलं असलेल्या घरात ती बाटली आणूच नये.

पाच एकर कांदा लावणाऱ्याला मात्र मी हे सगळं ऐकवत नाही. खुरपायला माणूस मिळत नाही ही त्याची अडचण खरी आहे. नेरळच्या चंद्रशेखर भडसावळे यांच्या सगुणा राईस तंत्रासारख्या विनानांगरणी पद्धतीतही भाताचे सड आणि तण मारायला तणनाशक वापरतात. पिकाची मुळं जमिनीतच कुजू द्यायची आणि माती उलथायची नाही, हा त्यामागचा विचार आहे. तो विचारात घेण्यासारखा आहे. पण ते शेत आहे. गुंठ्याला रोज पंधरा मिनिटं पुरतात, आणि ती कशी पुरवायची ते पुढे.

पहिलं काम: समोर कोण आहे ते ओळखा

तण म्हणजे एकच काही नाही. कामापुरते तीन गट करा.

बियांपासून येणारं हंगामी तण: तांदुळजा, घोळ, केना, एकदांडी, दुधी, आघाडा, गाजर गवत. यांचं मर्म एकच, फुलायच्या आत काढा. गाजर गवताचं एक झाड हजारो बिया टाकतं. पुण्यात १९५०च्या दशकाच्या मध्यात त्याची पहिली ठळक नोंद झाली आणि आज देशात ते नाही असा रस्ता दाखवता येणार नाही. ते हातमोजे घालूनच उपटा. कित्येकांना त्याने अंगावर चट्टे उठतात.

दुसरा गट सरपटणाऱ्या गवतांचा: हराळी आणि काळ्या रानातला कुंदा. हराळीच्या पेरापेराला मुळं फुटतात, बोटभर तुकडा राहिला तरी वेल उभी राहते. गणपतीत दूर्वा शोधत फिरणारे आपण बाकीचे अकरा महिने तिलाच शिव्या घालतो. तिला ऊन हवं असतं, सावली सोसत नाही. तिच्यावरचे बरेच उपाय या एका दुबळेपणावर बेतलेले आहेत.

तिसऱ्या गटात एकटा लव्हाळा, आणि तो एकटा पुरतो. एकदा खुरप्याने न ओढता हाताने त्याच्या मागे जाऊन बघा. पानांच्या तळाशी एक फुगीर गाठ लागते, तिच्यापासून तारेसारखा धागा निघतो, बोटभर अंतरावर दुसरी गाठ, पुढे तिसरी. काळ्या, खरबरीत, नखाने सोलल्या तर आत पांढऱ्या आणि मातीत अत्तर सांडल्यासारखा वास. हाच नागरमोथा. मी एका चौरस फुटातली वीतभर माती चाळली तेव्हा चाळीसवर गाठी निघाल्या. वरून ओढलं की पान ‘टक्’ करून तुटतं, आपल्याला काम झाल्यासारखं वाटतं आणि खालच्या झोपलेल्या गाठीला डोळा फुटतो. तणनाशकाचंही इथेच अडतं. आंतरप्रवाही औषध हिरव्या पानातून खाली उतरतं, पण जी गाठ अजून उगवलीच नाही तिच्यापर्यंत पोचणार कसं?

उन्हाळ्यात: खणणं, तापवणं आणि प्लास्टिक

परसबागेचं तण एप्रिल-मेमध्ये हरतं. जूनमध्ये आपण फक्त निकाल बघतो.

लव्हाळा किंवा हराळी असलेला वाफा एप्रिलमध्ये वीतभर खोल खणा. ढेकळं मोडू नका, उलटीच पडू द्या. आठ दिवसांनी पुन्हा हलवा, म्हणजे खालच्या गाठी वर येतील. लव्हाळ्याच्या बहुतेक गाठी वरच्या वीतभर मातीत असतात आणि त्या कोरड्या पडल्या की मरतात. या काळात त्या वाफ्याला पाण्याचा थेंब दाखवू नका. शेजारच्या आळ्याचं पाणी झिरपलं तरी मेहनत वाया जाते. वर दिसणाऱ्या गाठी आणि हराळीची मुळं वेचून घमेल्यात घ्या. कंपोस्टमध्ये ओली टाकू नका, गच्चीवर खडखडीत वाळवा. माझी आई त्यातल्या स्वच्छ गाठी धुऊन, कुटून दिवाळीच्या उटण्यात घालते. लव्हाळ्याकडून मिळालेली वसुली एवढीच.

पाऊस सुरू झाल्यावर लव्हाळा पुन्हा दिसेल. घाबरू नका. आता दर दहा-बारा दिवसांनी कोंब खुरप्याच्या टोकाने गाठीसकट उचला. चार-पाच पानांचा होऊ दिला की नव्या गाठी बांधायला लागतो. त्याआधी काढत राहिलात तर जुन्या गाठीतला साठा संपत जातो. त्या वाफ्यात पहिलं वर्ष कांदा, लसूण, गाजर असली उघडी पिकं नकोत. रताळी, भोपळा किंवा दाट ताग लावा आणि जमीन झाकून टाका. लव्हाळाही सावलीला भितो. दोन हंगाम लागतील, एकात संपवायचा दावा कोणी केला तर विश्वास ठेवू नका.

बियांच्या तणासाठी दुसरा उपाय आहे, विशेषतः रोपवाटिकेच्या गादीवाफ्याला आणि कोथिंबीर-मेथीच्या जागेला. वाफा सपाट करून पाणी द्या. वाफसा आला, म्हणजे माती ओलसर पण चिखल नाही अशी झाली, की त्यावर पारदर्शक पातळ प्लास्टिक, २५ ते ५० मायक्रॉनचं, ताणून अंथरा आणि कडा चारी बाजूंनी मातीत गाडा. चार ते सहा आठवडे तसंच ठेवा. ओली माती उष्णता खाली नेते आणि वरच्या थरातल्या बिया अक्षरशः शिजतात. इस्राएलमधल्या संशोधकांनी १९७०च्या दशकात ही युक्ती मातीतल्या रोगांसाठी मांडली; तण मारायलाही ती तितकीच उपयोगी पडते. प्लास्टिक काळं घेऊ नका, ते स्वतः तापतं आणि माती कमी तापते. फाटलं तर लगेच चिकटपट्टी लावा. आणि लव्हाळ्याला या उपायाने फारसं काही होत नाही, हेही लक्षात असू द्या. नंतर वाफा खोल खणायचा नाही, नाहीतर खालच्या जिवंत बिया वर येतात.

शेणखत आणण्याआधी

मी पहिल्या वर्षी एक ट्रॉली शेणखत घेतलं आणि त्याबरोबर दोन-तीन वर्षांचं तण विकत घेतलं. गाईने खाल्लेल्या गवताच्या बऱ्याच बिया पोटातून सुखरूप बाहेर येतात. खत चांगलं कुजलं आणि ढीग ५५-६० अंशांवर काही दिवस तापला, तर त्या मरतात. पावसात पसरून ठेवलेला ढीग तापतच नाही.

विकत घेण्याआधी घमेलंभर खत आणा, पाणी शिंपडून सावलीत दहा-बारा दिवस ठेवा. हिरवळ उठली तर ते खत अजून कच्चं आहे. ढीग करा, ओलावा ठेवा, दर पंधरा दिवसांनी पालटा, वरचं आत आणि आतलं वर. दीड-दोन महिन्यांनी पुन्हा तपासा.

आणखी एक चाचणी, जी मी टोमॅटो गेल्यावर शिकलो. २००८ मध्ये ब्रिटनमध्ये घरगुती बागांतले टोमॅटो, बटाटे, वाल असेच वेडेवाकडे वाढायला लागले. कारण निघालं शेणखत. कुरणावर अमिनोपायरॅलिड नावाचं तणनाशक मारलेलं होतं. ते चाऱ्यातून जनावराच्या पोटात, तिथून शेणात आणि शेणातून बागेत पोचलं, तरी त्याची ताकद गेली नव्हती. आपल्याकडचं खत कुठल्या चाऱ्याचं आहे ते कोण सांगणार? म्हणून दोन कुंड्या घ्या. एकीत खत आणि माती अर्धी-अर्धी, दुसरीत नुसती माती. दोन्हींत घेवड्याचे तीन-तीन दाणे टोचा. तीन आठवड्यांत पहिल्या कुंडीतली पानं द्रोणासारखी वळली, शेंडा पिळला आणि दुसरीतली झाडं ठीक असली, तर ते खत भाजीला नको.

तणाला आधी बोलवा

या पद्धतीला माझ्याकडे नीट मराठी नाव नाही, मी ‘तणाला आधी बोलवणं’ म्हणतो. एवढ्या कमी कष्टात एवढं काम करणारं दुसरं काही मला सापडलेलं नाही.

वाफा पेरणीसाठी पूर्ण तयार करा, खत घालून, रेघा ओढायच्याच बाकी ठेवून. मग बी न पेरता पाणी द्या. दहा-पंधरा दिवसांत वाफा हिरवा होईल. बघवत नाही, पण थांबा. रोपटी दोन पानांची झाली की सकाळी ऊन असताना धारदार खुरप्याने किंवा कोळप्याने मातीचा वरचा इंचभर थर फक्त खरवडा. खोल जायचं नाही. वरच्या थरातल्या बिया संपल्या आहेत, खालच्या अंधारात झोपलेल्या आहेत. खोल गेलात की तुम्हीच त्यांना उठवता. दुपारपर्यंत सगळं वाळून जाईल. वेळ असेल तर हेच पुन्हा एकदा करा. मग पेरा.

गाजर, कोथिंबीर, कांद्याचं रोप यांना उगवायला वेळ लागतो आणि तोवर तण पुढे पळतं, त्यामुळे या पिकांत ही पद्धत वगळू नका. भोपळा, घेवडा स्वतःच जोमाने उठतात. तिथे नाही केलं तरी चालतं.

पेरताना बी फोकू नका, म्हणजे मुठीने विखरून टाकू नका. मेथी, कोथिंबीर फोकून टाकायची आपली सवय असते, पण मग तण काढायला बोटांशिवाय काही आत जात नाही. वीतभर अंतरावर ओळी धरा, म्हणजे मधून खुरपं फिरेल. ज्याचं रोप करता येतं त्याचं रोप करूनच लावा. महिन्याचं वांगं आणि कालचा तांदुळजा यांच्या शर्यतीत वांगं आधीच पुढे असतं. पाणी झाडाच्या बुडाशी द्या, ठिबक असेल तर उत्तमच. पाटाने सगळा वाफा भिजवला की मधल्या जागेतलं तणही आपण पोसतो.

खुरपणी, पण वाफशावर

आमच्याकडे कधीमधी खुरपायला एक मावशी येतात. एकदा रात्री पाऊस झाल्यावर सकाळीच मी त्यांना बोलावलं. त्यांनी वाफ्यात अंगठा दाबून पाहिला आणि पाटीवर बसल्या. “दादा, आज नगं. चिखलात तण निघत न्हाय, नुस्ती जागा बदलतंय. परवा वाफसा येऊ द्या.” मी बळेच तासभर खुरपलं. तिसऱ्या दिवशी मी उपटून तिथेच टाकलेला केना नव्या जागी मुळं धरून उभा होता.

वाफसा ओळखायला मूठभर माती दाबा. गोळा झाला आणि बोटाने ढकलल्यावर फुटला तर वाफसा आहे. हाताला चिकटली तर थांबा, गोळाच होत नसेल तर हलकं पाणी देऊन दुसऱ्या दिवशी या.

पहिली खुरपणी पेरणी किंवा लावणीनंतर पंधरा-वीस दिवसांनी, दुसरी तीस-पस्तीस दिवसांनी. बहुतेक फळभाज्यांना पहिला महिना-दीड महिना तण सोसत नाही. त्यानंतर झाडाचीच सावली पडते. कांदा मात्र शेवटपर्यंत उघडा राहतो, त्याला दोन महिने जपावं लागतं. मोठ्या क्षेत्रात कांद्याला लावणीच्या वेळी तणनाशक मारणारेही पुढे एक खुरपणी करतातच, हे सहसा दुकानात सांगत नाहीत.

तण सगळ्यात सोपं निघतं ते अजून तण वाटत नसतं तेव्हा, पहिल्या आठवड्यातल्या पांढऱ्या मुळाच्या धाग्यांच्या अवस्थेत. तेव्हा वाफ्यावरून नुसती बोटं फिरवली तरी काम होतं. म्हणून रविवारी तीन तास बसण्यापेक्षा रोज चहाआधी पंधरा मिनिटं एकेक वाफा घ्या. खुरप्याला आठवड्यातून एकदा धार लावा; बोथट खुरपं तण कापत नाही, ओढतं, आणि त्याबरोबर रोपाची मुळंही हलवतं.

काढलेलं तण कुठे टाकायचं? फुलाआधीचं हंगामी तण ऊन असेल तर ओळीतच वाळू द्या, तेच आच्छादन. पावसाळ्यात मुळांची माती झटकून बांधावर किंवा फरशीवर टाका. घोळ आणि केना यांच्यावर कधीच भरवसा ठेवू नका. घोळीच्या मांसल दांड्यात इतकं पाणी असतं की उपटल्यावरही ती बी पिकवून मोकळी होते.

आच्छादन

खुरपलेली जमीन उघडी ठेवली की तिसऱ्या आठवड्यात पुन्हा तेच काम. म्हणून खुरपणीच्या पाठोपाठ झाका. उसाचं पाचट, भाताचा पेंढा, सोयाबीनचा भुसा किंवा वाळलेला पालापाचोळा, जे गावात फुकट किंवा स्वस्त असेल ते. थर चार बोटं तरी हवा. पातळ थरातून तण आनंदाने वर येतं. खोडाला टेकवू नका, दोन-तीन बोटं जागा मोकळी सोडा, नाहीतर बुडाशी कुज लागते. माती ओली असतानाच घाला, कोरड्या मातीवर घातलं तर हलका पाऊस वरच अडकतो. भुसा मातीत मिसळू नका. तो कुजवताना जिवाणू मातीतलं नत्र ओढून घेतात आणि पीक पिवळं पडतं. वर पसरलेला असेल तर ही अडचण जवळजवळ येत नाही.

हराळीच्या जागी खाली पुठ्ठा घाला. खोक्यांचा साधा तपकिरी पुठ्ठा, चिकटपट्ट्या आणि पिना काढून, ओला करून, कडा वीतभर एकमेकांवर चढवून, वर पेंढा. फटीतून हराळी बरोबर डोकं काढते. बांधाकडून ती पुन्हा येऊ नये म्हणून कडेला वीतभर खोल चर ठेवा आणि महिन्यातून एकदा त्यात उतरलेल्या वेली तोडा.

आच्छादनाचे तोटेही आहेत. कोकणात किंवा भरपावसात त्याखाली गोगलगायी घर करतात. मग थर पातळ करा आणि संध्याकाळी ओलं पोतं टाकून सकाळी त्याखालच्या गोगलगायी वेचा. कोरड्या भागात वाळवी येते. मेथी-कोथिंबिरीत आच्छादनाचा उपयोग नाही. आणि चंदेरी-काळा प्लास्टिक मल्चिंग पेपर लव्हाळा सुईसारखा भोसकून वर येतो, म्हणून तो अंथरायचा असेल तर आधी लव्हाळा संपवा.

जे तण ताटात जातं

तांदुळजा, घोळ, चिवळ, पाथरी, कुर्डूची कोवळी पानं आणि भज्यांसाठी केन्याची पानं, हे सगळं परसातलं तणच. ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाशिवाय आलेलं खायचं असतं, त्या दिवशी माझा वाफा बाजाराला भारी पडतो. फवारलेल्या बांधावरची किंवा रस्त्याकडेची रानभाजी मात्र तोडू नका. मूतखड्याचा त्रास असलेल्यांनी घोळ बेताने खावी, तिच्यात ऑक्झलेट बरंच असतं.

मीठ, व्हिनेगर आणि भांड्याचा साबण

मोबाइलवर दर पावसाळ्यात फिरणारा हा ‘सेंद्रिय’ नुस्खा वाफ्यात करू नका. स्वयंपाकघरातल्या व्हिनेगरमध्ये चार-पाच टक्के ॲसिड असतं. त्याने कोवळी पानं करपतात, गाठी आणि खोल मुळं तशीच राहतात. मीठ मात्र मातीतच राहतं आणि पुढच्या भाजीलाही उगवू देत नाही. अंगणातल्या फरशीच्या फटीत तण असेल तर भात वेळून उरलेलं उकळतं पाणी ओता, तेवढं पुरे.

तरीही बाटली उघडायचीच असेल तर

वाफ्याबाहेर, कुंपणाकडेला, आणि लेबलवर त्या जागेची शिफारस असेल तरच. डब्यावरचा त्रिकोण बघा: लाल सगळ्यात जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. हिरवा म्हणजे निर्धोक नव्हे. मारणाऱ्याने मास्क, चष्मा, हातमोजे, पूर्ण बाह्या आणि गमबूट घालावेत. वारा पडलेला असताना, सकाळी, नोझल जमिनीजवळ धरून, शक्य तर त्यावर हूड लावून. पुढचे सहा तास पाऊस नको. पाणी स्वच्छ घ्या. ग्लायफोसेटसारखी औषधं गढूळ पाण्यातल्या मातीला चिकटून निकामी होतात आणि मग लोक डोस वाढवतात. त्या जागेचा चारा जनावराला घालू नका. रिकामी बाटली भोकं पाडून निकामी करा, पाण्याला वापरू नका. आणि तणनाशकाचा पंप कायमचा वेगळा, त्यावर लाल रंगाने मोठी खूण. माझ्याकडचा पंप आता फक्त अर्काचा आहे, तो मी कुणाला देत नाही आणि कुणाचा आणत नाही.

शेजारून आलेलं औषध

तुम्ही न फवारताही भाजी जाऊ शकते. टू-फोर-डी वाऱ्याबरोबर बरंच लांब जातं आणि टोमॅटो, कापूस, द्राक्ष त्याला फार हळवे. लक्षणं बोकड्या या पानं आकसवणाऱ्या विषाणूच्या रोगासारखी दिसतात म्हणून लोक विषाणूचं औषध शोधत बसतात. फरक असा: बोकड्या पांढऱ्या माशीबरोबर एकेका झाडाला लागत जातो, वाऱ्याने आलेलं तणनाशक वाऱ्याच्या बाजूची सगळी झाडं एकाच आठवड्यात वाकवतं, आणि टोमॅटोबरोबर शेजारचा घेवडा आणि काकडीही वळलेली दिसते. हलका झटका असेल तर नवे शेंडे महिन्याभरात सरळ येतात, तोवर खत टाकून घाई करू नका. ती फळं खाऊ नका.

उसाच्या बाजूला मी दोन फूट रुंदीच्या पट्ट्यात मका दाट पेरतो, पण खरा उपाय बोलण्याचा होता. मी आप्पांना टोमॅटोची वळलेली पानं नेऊन दाखवली. त्यांनी एक पान उलटंपालटं करून पाहिलं, “माझ्या पंपातलं व्हय?” एवढंच विचारलं. आता वर्षातून दोनदा त्यांचा आदल्या संध्याकाळी फोन येतो, “दादा, उद्या सकाळी उसाला औषध मारतोय, झाकून घ्या.” मग आई जुन्या नऊवारी काढून देते आणि आम्ही अंधार पडायच्या आत टोमॅटोच्या ताटीवर त्या पांघरून टाकतो.